काड्यांचा कुंज, हाडांचं अंगण आणि मानेवरचा गुलाबी तुरा

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम २८० मिलिमीटर, माती विटेसारखी तांबडी. तिथल्या एखाद्या झुडपाखाली वाकून पाहिलं, तर कधीकधी भातुकली मांडल्यासारखं काहीतरी दिसतं. वाळक्या काड्या जमिनीत रोवून केलेल्या दोन समांतर भिंती, वीतभर उंच. मधे एका पक्ष्यापुरता बोळ. बोळाच्या तोंडाशी अंगण, आणि अंगणात उन्हानं पांढरी पडलेली हाडं, गोगलगायींचे शंख, गारगोट्या, हिरवी कच्ची फळं. वस्ती जवळ असेल तर बाटलीच्या हिरव्या काचाही. तांबड्या मातीवर पांढरं आणि हिरवं कसं उठून दिसतं, हे मांडणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं.

मांडणारा आहे वेस्टर्न बाउअरबर्ड, शास्त्रीय नाव क्लामिडेरा गुट्टाटा. बाउअर म्हणजे कुंज, तेव्हा आपण त्याला कुंजपक्षी म्हणू. या कुळातले पक्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत राहतात, आणि त्यातले बरेचसे दाट जंगलातले. हा मात्र मध्य ऑस्ट्रेलियातल्या डोंगररांगांत आणि पश्चिमेकडच्या पिलबारा भागात राहतो. वाळवंटी म्हटला तरी उघड्या वाळूवर त्याचं भागत नाही. त्याला पाणी लागतं, आणि खडकांच्या कपारीत वाढणारं रानटी अंजीर लागतं, आपल्या वड-पिंपळांचंच भावंड. जिथे घळीत पाणी टिकतं आणि अंजीर पिकतं, तिथे हा सापडतो.

दिसायला तो बेताचाच. साळुंकीपेक्षा किंचित थोराड, गडद तपकिरी अंगावर पिवळट ठिपके, पोट फिकट पिवळसर. वाळक्या पाचोळ्यात बसला तर नजरेला पडणार नाही. पण मानेच्या मागे पिसांची एक घडी असते. एरवी ती मिटलेली, फार तर गुलाबी रेघ दिसते. मादी समोर आली की ती घडी पंख्यासारखी उलगडते आणि जांभळट गुलाबी रंगाचा लखलखीत तुरा बाहेर येतो. गंमत म्हणजे तुरा मागच्या बाजूला असल्यामुळे तो दाखवायचा तर मादीकडून तोंड फिरवावं लागतं. म्हणून नर सारखी मान वळवून डोक्याची मागची बाजू तिच्यापुढे करत असतो. चोचीत एखादं फळ नाही तर हाड, अंग ताठ, हालचाली झटक्याझटक्यानं. तोंडानं खरखर, फुसफुस आणि मधूनच नकला: घारीची शिट्टी, मांजराचं ओरडणं. मादी बोळात उभी राहून सगळं पाहते. पसंत पडलं तर थांबते, नाही तर उडून दुसऱ्याचा कुंज बघायला जाते. थोडक्यात, इथे कांदेपोह्यांचा कार्यक्रम मुलाकडे, आणि पोहेही त्यानंच करायचे.

कुंज हे घरटं नव्हे. आपल्याकडे सुगरण पक्ष्यातही विणकाम नरच करतो (नाव मात्र बाईचं!) आणि मादी अर्धवट खोपा पाहून होकार देते, पण त्या खोप्यात पुढे पिल्लं वाढतात. कुंजात अंडं कधीच पडत नाही. मादी दूर कुठेतरी झाडावर काटक्यांचं पसरट घरटं एकटीच बांधते आणि बहुधा दोन अंडी घालते. अंड्यांवर कुणी टाकानं गिरगटल्यासारख्या रेघा असतात. पिल्लांचं सगळं तीच करते. नर कुंज सोडून हलत नाही.

मग भिंती कशासाठी? अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले जेराल्ड बोर्जिया यांचं उत्तर मला पटतं. भिंती मादीसाठी आहेत. नराचा आवेश इतका आक्रमक असतो की ती घाबरून निघून जाईल, किंवा तो जबरदस्ती करू शकेल. मधे आडोसा असला की ती जवळून, निवांत पाहू शकते. या पक्ष्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे पूर्वेकडचा ठिपकेदार कुंजपक्षी. त्याच्या भिंती इतक्या विरळ असतात की मादी काड्यांमधून आरपार पाहते आणि तो बाहेर धुमाकूळ घालतो.

उत्तरेकडच्या मोठ्या कुंजपक्ष्याची हुशारी आणखी वेगळी. जॉन एंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की तो अंगणातले खडे आकारानुसार लावतो, बोळाजवळ लहान आणि लांब जावं तसे मोठे. आतून पाहणाऱ्या मादीला सगळे सारख्याच मापाचे वाटतात. संशोधकांनी मांडणी मुद्दाम उलटी केली, तर नरांनी तीनेक दिवसांत पुन्हा आपल्या मनासारखी लावून घेतली. २०१२ मध्ये लॉरा केली आणि एंडलर यांनी पुढचा दुवा जोडला: ज्याचा हा दृष्टिभ्रम चांगला जमतो, त्याच्या जोड्याही जास्त जमतात.

जितकी आरास जास्त तितकं यश जास्त, असं मात्र नाही, कारण शेजारी असतात. ठिपकेदार कुंजपक्ष्यात हिरव्या रानफळांची संख्या मादीला भुलवते, तशी आसपासच्या नरांच्या डोळ्यांतही खुपते. ते येऊन काड्या उपटतात, दागिने पळवतात. जोआ मॅडन या संशोधकानं काही कुंजांत जादा फळं ठेवून पाहिली, तर त्या कुंजांची मोडतोड वाढली. आणि नरांना आयती फळं देऊ केली तेव्हा त्यांनी हात आखडताच ठेवला. आपल्या ऐपतीला झेपतील तेवढीच त्यांनी अंगणात मांडली.