शकुंतला स्वतः गाऊ लागली तेव्हा

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासावरून केलेल्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, हे मराठी रंगभूमीच्या कुठल्याही इतिहासात सापडते. त्या रात्री नाटक चौथ्या अंकाशीच थांबले, हे मात्र ओघात निसटून जाते. सातांपैकी पहिले चार अंकच तेव्हा रंगमंचावर आले. त्या प्रेक्षकांनी दुर्वासाचा शाप ऐकला, कण्वाने लेकीची केलेली पाठवणी पाहिली आणि मंडळी घरी गेली. माशाच्या पोटातली अंगठी नाही, इंद्राचा रथ नाही, मारीचाचा आश्रम नाही. चौथा अंक हाच शाकुंतलाचा कळस, असे संस्कृतचे रसिक पिढ्यानुपिढ्या म्हणत आले आहेत, त्यामुळे थांबायला जागा वाईट नव्हती. तरी एक प्रश्न उरतोच. कथेतला बहुतेक चमत्कार बाकी असताना या नाटकाने पुणे जिंकले ते कशाच्या जोरावर?

उत्तरासाठी बरेच मागे जावे लागते. महाभारताच्या आदिपर्वातल्या शकुंतलेच्या कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथला दुष्यंत काही विसरलेला नसतो. लोक काय म्हणतील या धास्तीने तो भर दरबारात बायकोला ओळख देत नाही, आकाशवाणी होते आणि मग तो तिचा नि मुलाचा स्वीकार करतो. शकुंतलाही तिथे मुळूमुळू रडणारी नाही, राजाला चांगली खडसावणारी आहे. शाप आणि अंगठी घातली ती कालिदासाने. राजाच्या माथ्यावरचा दोष पुसायला त्याने हे केले, असे टीकाकार सांगतात आणि ते खरेही आहे. पण गाण्याच्या बाजूने पाहिले तर त्याने आणखी मोठे काम करून ठेवले. महाभारतातल्या दरबारात वाद आहे, आणि वाद बोलून होतो. कालिदासाच्या नाटकात विस्मृती आहे, विरह आहे, उशिरा सुचलेले दुःख आहे, आणि ही तिन्ही गाण्याची खाद्ये आहेत. शापसुद्धा त्याने रंगमंचावर आणला नाही. तो पडद्याआडून ऐकू येतो, सख्या ऐकतात, आणि जिला तो लागतो तिला त्याचा पत्ताही नसतो.

मराठी नाटकाकडे तेव्हा अद्भुताचा तुटवडा नव्हता. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. तेव्हापासून पौराणिक खेळांत देव, राक्षस, वानर, मोरावर बसून येणारी सरस्वती असा सगळा थाट असे. राक्षस आरडाओरडा करत रंगभूमी दणाणून सोडत, म्हणून त्या नाटकांना 'अललडुर्र' असे नावच पडले. पण या खेळांत गात असे सूत्रधार. तो पदांतून कथा सांगे, पात्रे आविर्भाव करत आणि मग ऐन वेळी सुचेल तसे गद्य बोलत. राम व्याकूळ झाला की त्याची व्याकुळता गाणार दुसराच कोणीतरी.

१८६० नंतर इंग्रजी शिकलेल्या पिढीने या प्रकाराला नाके मुरडली. लिहिलेली, पाठ करून म्हणायची 'बुकिश' नाटके आली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ चे. परशुरामपंत गोडबोल्यांसारख्या पंडितांनी संस्कृत नाटके मराठीत आणली होती. म्हणजे एकीकडे नेटके संवाद होते पण गळा गप्प, आणि दुसरीकडे गाणे होते पण ते पात्राचे नव्हते.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांना हे दोन्ही प्रकार आतून माहीत होते. बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा हा माणूस (जन्म १८४३, भाव्यांच्या नाटकाचेच वर्ष), त्यामुळे कानडी चाली कानात बसलेल्या. तरुणपणी नाटक मंडळ्यांना पदे रचून दिलेली, पुढे सरकारी कचेरीत नोकरी. १८८० मध्ये एका पारशी कंपनीने पुण्यात 'इंद्रसभा'चा खेळ लावला आणि तो पाहून अण्णासाहेबांच्या मनाने घेतले, असे नाट्येतिहासकार लिहितात. 'इंद्रसभा' मूळची लखनौची, अमानत या कवीची, १८५० च्या दशकातली. इंद्राच्या दरबारातली परी मर्त्य राजपुत्रावर जीव लावते आणि शिक्षा भोगते, अशी परीकथाच ती. त्यात परी स्वतः गाते, इंद्र स्वतः गातो. अण्णासाहेबांनी तिथून कथा उचलली नाही, रीत उचलली. अप्सरेची मुलगी त्यांच्या हाताशी होतीच.

मग त्यांनी जे केले ते कारागिरीच्या दृष्टीने फार शहाणपणाचे होते. कालिदासाच्या नाटकाच्या 'देवनागरी' नावाच्या पाठपरंपरेत श्लोक १९० च्या आसपास आहेत, आणि 'संगीत शाकुंतला'त पदे दोनशेहून अधिक. हा आकडा आज ऐकला की छाती दडपते, पण श्लोकाच्या जागी पद आले असे धरले की हिशेब लागतो. गद्य तिथे गद्य, श्लोक तिथे गाणे. गाण्याच्या जागा शोधायची गरजच नव्हती, त्या कालिदासाने आखून ठेवल्या होत्या. पदांच्या चाली मात्र नवीन काढण्याच्या भानगडीत अण्णासाहेब फारसे पडले नाहीत. छापील नाटकात प्रत्येक पदावर 'चाल' दिलेली असते. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे कीर्तनातले छंद, लावणीच्या चाली, कानडी पदांच्या चाली, मधूनमधून रागदारी. कीर्तनाला बसणाऱ्या पुणेकराला यातले काहीच परके नव्हते. साकी सुरू झाली की कथा पुढे सरकणार, हे त्याच्या कानाला आधीच ठाऊक.

इथे फ्लॉरेन्सची आठवण काढायला हरकत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या काही विद्वानांची आणि गवयांची समजूत झाली की प्राचीन ग्रीक नाटके गाऊन केली जात. ती रीत पुन्हा जिवंत करायच्या खटपटीतून याकोपो पेरीचे 'दाफ्ने' आणि १६०० मधले 'एउरिदिचे' हे पहिलेवहिले ऑपेरा झाले, पुढे १६०७ मध्ये मांतुआत मोंतेवेर्दीचे 'ऑर्फेओ'. बोलणे आणि गाणे यांच्या मधली एक चाल पेरीने घडवली. कथा तिच्यावर चालते आणि भावना दाटली की पूर्ण गाणे येते. आमच्या साकी-दिंडीने नेमके हेच काम केले, फक्त ती घडवावी लागली नाही. 'संगीत शाकुंतला'त गद्य आहे म्हणून त्याला ऑपेरा म्हणू नये, असा एक आक्षेप असतो. गद्य संवाद मोझार्टच्या १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट'मध्येही आहेत, आणि जादूची बासरी, सर्प, रात्रीची राणी हेही आहे. तेव्हा तो वाद मला पोकळ वाटतो. कोलकात्यात त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी १८८१ मध्ये, तरुण रवींद्रनाथांनी 'वाल्मीकि प्रतिभा' जवळजवळ सगळेच गाऊन केले. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते.

पहिल्या प्रयोगात मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. दुष्यंत हरणामागे रथ दामटतो त्या प्रवेशासाठी हरीणही लागत नाही आणि रथही. मान वळवून पाहणारे हरीण श्लोकात आहे, पुढे ते पदात आले. याच्या चारच वर्षे आधी बायरॉइटला जर्मन संगीतकार वाग्नेरने आपल्या चार रात्रींच्या अंगठी-पुराणात ऱ्हाईनच्या जलकन्या चाकांच्या गाड्यांवर बांधून पोहायला लावल्या होत्या. पुण्यातल्या कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाकडे तसला पैसा नव्हता. चमत्कार गळ्यावर सोपवण्यावाचून इलाज नव्हता, आणि तेच पथ्यावर पडले.

युरोपलाही शकुंतलेचे वेड होतेच. विल्यम जोन्सचे इंग्रजी भाषांतर १७८९ चे, त्यावरून फोर्स्टरने जर्मन केले आणि जर्मन कवी गटे भारावला. शूबर्टने १८२० मध्ये शकुंतलेवर ऑपेरा लिहायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला. १८५८ मध्ये पॅरिसला बॅले झाला, १८८४ मध्ये वायमारला वाइनगार्टनरचा ऑपेरा. सर्वांत चमत्कारिक नशीब फ्रांको अल्फानोचे. पुचिनीचे अपुरे 'तुरांदोत' पुढे ज्याने पुरे केले तो हाच. त्याची शकुंतला १९२१ मध्ये बोलोन्यात रंगभूमीवर आली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत तिची स्वरलिपी जळाली असे समजून त्याने म्हातारपणी सगळे वाद्यवृंदलेखन पुन्हा केले, ते १९५२ मध्ये रोमला सादर झाले. मूळ प्रत २००५ मध्ये प्रकाशकाच्याच संग्रहात सापडली! त्याच्या शेवटी मीलन नाही. मूल राजाच्या हाती येते, शकुंतला येत नाही. कालिदासाचा सातवा अंक पाश्चात्त्य ऑपेराला पचत नाही, असे दिसते.

इकडे अण्णासाहेबांना पुढे पाचच वर्षे मिळाली. १८८२ मध्ये 'सौभद्र', मग 'रामराज्यवियोग' तीन अंकांवर अडलेले, आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये मृत्यू. पण बडोद्याहून आणलेला भाऊराव कोल्हटकर हा पोरगा शकुंतला-सुभद्रा गाऊ लागला आणि त्यांच्या किर्लोस्कर नाटक कंपनीची दिशा ठरून गेली. १९०५ मध्ये मिरजेला नारायण राजहंस याच शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले. 'बालगंधर्व' ही टिळकांनी दिलेली पदवी आधीच चिकटलेली होती. पुढे गोविंदराव टेंबे, भास्करबुवा बखले यांच्या चाली आल्या. १९११ साली पुण्यात बखल्यांनी काढलेला भारत गायन समाज आणि कंपनीचे बिऱ्हाड यांच्यात येणे-जाणे असे, आणि बैठकीतला ख्याल सरळ नाटकात शिरला. पदे कमी झाली आणि लांबली. वन्समोअर घेत घेत पहाट होऊ लागली.

मला विचाराल तर फायदा गाण्याचा झाला आणि नुकसान कथेचे. अण्णासाहेबांची साकी कथेला ढकलत होती, गंधर्वांच्या काळातले पद कथेला उभे करून ठेवते. ऐकायला ते स्वर्गीय आहे, पण तेवढा वेळ दुष्यंताने काय करायचे? इटलीतही गवयांच्या करामतींनी कथा गुदमरली होती, तेव्हा ग्लुक या संगीतकाराने १७६२ मध्ये ऑर्फियसचीच जुनी कथा घेऊन तानबाजी छाटली. आपल्याकडे तशी छाटणी झाली नाही. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि प्रश्न भलत्याच मार्गाने निकालात निघाला.

आज कोणी पुण्यात 'शाकुंतल' करायला घेतले तर दोनशे पदे तीन तासांत बसणे शक्य नाही, कात्री लागणारच. कात्री लावताना पहिला बळी कोळ्याच्या प्रवेशाचा द्यावा असे कोणालाही वाटेल. गायक नट त्यात नाही, शिपाई त्याला बदडतात, आणि अंगठीच्या बदल्यात बक्षीस मिळाल्यावर सगळे मिळून दारू प्यायला जातात. माझे मत उलटे आहे. रोहित माशाच्या पोटातून निघालेली अंगठी इथेच राजाकडे जाते आणि शाप उतरतो. कथेतला सर्वांत मोठा चमत्कार कालिदासाने राजाच्या नव्हे, एका गरीब कोळ्याच्या हातून घडवला आहे. त्याला एक साकी द्यायला हवी.