सगळे वैतागतात, पण जात कोणीच नाही

सोशल मीडिया ॲपची पॉलिसी बदलो नाहीतर मालक, दरवेळी "चला, आता इथून निघू" अशी लाट येते आणि थोड्या दिवसांनी सगळे पुन्हा तिथंच. लोक आळशी आहेत म्हणून मोकळं होणं सोपंय, पण हा गुंता इंटरनेटच्याही आधीचा आहे.

१८९३-९४ मध्ये अमेरिकेत बेलच्या टेलिफोनची मूळ पेटंट संपली, गावोगावी नव्या कंपन्या निघाल्या, पण बेल कंपनी त्यांना आपल्या लाइनला जोडूनच घेईना, मग काय, दुकानदार दोन-दोन फोन ठेवायचे, बेलवाल्या गिऱ्हाइकांसाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरा. ज्याच्याकडे जास्त माणसं त्याचाच फोन घ्यायचा, यालाच आता नेटवर्क इफेक्ट म्हणतात. १९१३ मध्ये सरकारचा दट्ट्या बसला तेव्हा कुठे बेलवाले बाहेरच्यांना लांब पल्ल्याच्या लाइनवर घ्यायला तयार झाले.

मग सोशल नेटवर्कच्या सुरुवातीच्या काळात लोक फ्रेंडस्टर नावाची साइट सोडून मायस्पेसवर, तिथून फेसबुकवर कसे काय गेले? एक तर फ्रेंडस्टरची पानं उघडता उघडत नसायची. आणि मुख्य म्हणजे तेव्हा मागे सोडण्यासारखं फारसं काही साठलेलंच नव्हतं, ना दहा वर्षांचे फोटो ना शाळेचे ग्रुप. न्यूज कॉर्पने २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला घेतलेलं मायस्पेस २०११ मध्ये जेमतेम साडेतीन कोटींना गेलं.

त्याच २०११ मध्ये गूगलचं सोशल नेटवर्क, गूगल प्लस, आलं. पैसा, इंजिनिअर, जीमेलचे एवढे युजर, सगळं हाताशी, तरी लोक अकाउंट उघडायचे, आत शुकशुकाट बघायचे आणि परत फेसबुकवर. २०१९ मध्ये ते बंद. त्याआधी २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कॉलेजातल्या चार पोरांनी प्रायव्हसीच्या मुद्द्यावर लोकवर्गणीतून साधारण २ लाख डॉलर जमवून डायस्पोरा हे सोशल नेटवर्क काढलं, त्याचं नाव आज किती जणांना आठवतं? प्रायव्हसी म्हटलं की माना सगळे डोलावतात, हलत कोणी नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, तेव्हा मॅस्टोडॉनवर झुंबड उडाली. हे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरचं मिळून बनलेलं. तिथं गेल्या गेल्या पहिला प्रश्न, सर्व्हर कुठला? नव्या माणसाला काय कळणार, तो आपला काहीतरी निवडायचा, मग दुसऱ्या सर्व्हरवरच्या मित्राचं पान उघडून फॉलो दाबायचा तर तिथं लॉगिनच नसायचं, त्याचा पत्ता कॉपी करून आपल्या सर्व्हरवर शोधायला लागायचा. आणि एवढं करून दहातले दोन मित्र सापडायचे. काही महिन्यांत आकडा बराच घसरला.

इंस्टाग्रामवाल्यांच्याच थ्रेड्स या ट्विटरसारख्या ॲपने जुलै २०२३ मध्ये पाच दिवसांत १० कोटी लोक जमवले, कारण इंस्टाग्रामचंच लॉगिन चालत होतं आणि तिथली फॉलोची यादी एका टॅपमध्ये सोबत येत होती. (त्यातलेही बरेच लगेच गळाले ते वेगळं.) ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ब्राझीलच्या सुप्रीम कोर्टाने एक्स (म्हणजे आधीचं ट्विटर) ब्लॉक केलं तर काही दिवसांत लाखो लोक ब्लूस्काय या तशाच दुसऱ्या ॲपवर, कारण दारच बंद, सगळ्यांना एकदमच निघावं लागलं. ऑक्टोबरमध्ये एक्स परत सुरू झालंच.

म्हणजे माझ्या मते खरा अडथळा ॲप नाही, यादी आहे. मोबाइल नंबर पोर्ट करता येतो, मित्र पोर्ट करता येत नाहीत. युरोपच्या नव्या कायद्याने व्हॉट्सॲप आणि मेसेंजरला दुसऱ्या मेसेजिंग ॲपसाठी दार उघडायला लावलंय, पण सोशल नेटवर्कना ती सक्ती नाही. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र अजूनही जुन्याच सर्व्हरवर राहतात.