ट्रकला परमिट नव्हतं म्हणून क्लेम बुडाला? नाही हो!

ट्रकने उडवलं आणि कळलं की परमिट नाही किंवा ड्रायव्हरकडे हेवीचं लायसन नाही, की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, आता विमा कंपनी हात वर करणार, विसरा पैसे. हे साफ चूक आहे. कारच्या केसमध्ये परमिटचा प्रश्न बहुतेक येतच नाही, ट्रकला मात्र परमिट, फिटनेस (गाडी चालवण्यालायक असल्याचा दाखला), लायसनचा प्रकार असे नाना फाटे फुटतात आणि कंपनीचे वकील नेमकं तेच धरून बसतात. पण लायसनबद्दल २००४ ला आणि परमिटबद्दल २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत, म्हणजे भांडण त्यांचं त्यांच्यात. आणि २०२४ पासून तर साडेसात टनांच्या आतल्या टेम्पोला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन चालतं, तो मुद्दाच संपला.

खरी गोची वेगळीच, ती कुणी सांगत नाही. मालाच्या ट्रकमध्ये लिफ्ट घेऊन बसलात तर थर्ड पार्टी विम्यात (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या) तुम्ही बसत नाही, स्वतःचा माल घेऊन चालला असाल तर बसता. म्हणून मार्केट यार्डात कांदा घेऊन निघालेल्या शेतकऱ्याने मालाची पावती खिशात ठेवावी.