मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं अन्न किरणोत्सर्गी होतं?

‘मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम केलं की त्यात रेडिएशन उतरतं,’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. शंका येणं साहजिक आहे. ‘रेडिएशन’ या एकाच शब्दाखाली एक्स-रेपासून दिव्याच्या उजेडापर्यंत सगळं मोडतं.

घरातल्या ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ असते. त्यांच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या सगळ्यात लहान पुडीची, ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा लाखभर पटींनी कमी. एवढ्याने अणूतला इलेक्ट्रॉनसुद्धा सुटत नाही, मग अन्न किरणोत्सर्गी व्हायला लागतं तसं अणुकेंद्र बदलणं दूरच. या लहरी अन्नातल्या पाण्याचे रेणू हलवतात, त्यातून उष्णता होते, बस. ओव्हन बंद झाला की लहरीही संपल्या. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का?

घरीच पाहा. फिरती तबकडी आणि तिच्याखालची कडी काढून साध्या ताटलीत कच्चा पापड ठेवा, 20–30 सेकंद चालवा. पापड ठिपक्याठिपक्यांनी फुलतो, मधे कच्चाच राहतो. जिथे लहरींचा जोर, तिथेच उष्णता! आमच्याकडे हा प्रयोग तीन पापड खर्चून झाला.

म्हणून कालची आमटी मात्र मधे एकदा ढवळा, नाहीतर कडेला चटका आणि मध्यभाग गार.