विलंबित औषधचिठ्ठी

घसादुखी, खोकला, सर्दी, कानदुखी अशा तक्रारींसाठी प्रतिजैविकाची, म्हणजे बोलभाषेतल्या अँटिबायोटिकची, चिठ्ठी रुग्णाला द्यायची किंवा त्याच्यासाठी राखून ठेवायची, परंतु ठरावीक दिवसांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तरच औषध सुरू करावे असे बजावायचे, या पद्धतीला विलंबित औषधचिठ्ठी म्हणतात. तिचा बराचसा पायाभूत अभ्यास इंग्लंडमधील फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत झाला.

या तक्रारींपैकी बहुतेक विषाणुजन्य असतात आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. जिवाणूंमुळे झालेली घसादुखीही बहुधा आपोआप बरी होते. रुग्णाचा अनुभव मात्र निराळे सांगतो. त्रास अगदी वाढल्यावर तो डॉक्टरांकडे जातो, गोळ्या सुरू करतो, त्याच सुमारास आजार मुळात ओसरू लागलेला असतो आणि श्रेय गोळ्यांच्या पदरात पडते. बेडका हिरवा झाला की अँटिबायोटिक हवेच, ही समजूतही तितकीच चिवट आहे. वास्तविक तो रंग पांढऱ्या पेशींतील मायलोपेरॉक्सिडेज या हिरवट विकरामुळे येतो आणि विषाणुजन्य आजारातही दिसतो. खोकला आठवड्याभरात थांबावा अशी अपेक्षा असते. उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत मात्र त्याचा सर्वसाधारण काळ ३ आठवडे, सर्दीचा दीड आठवडा आणि घसादुखीचा १ आठवडा दिला आहे.

पॉल लिटल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत घसा दुखणाऱ्या ७१६ रुग्णांचे तीन गट पाडण्यात आले: एकाला लगेच पेनिसिलिन, दुसऱ्याला प्रतिजैविक नाही, तिसऱ्याला ३ दिवस थांबून गरज वाटल्यास चिठ्ठी. तिसऱ्या गटातील ६९ टक्के रुग्णांनी ती वापरलीच नाही. समाधानी रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ९६, ९० आणि ९३ टक्के, म्हणजे जवळपास सारखे होते. फरक पडला तो समजुतीत. प्रतिजैविके गुणकारी आहेत असे पहिल्या गटातील ८७ टक्के रुग्णांना वाटले, दुसऱ्यात ५५ आणि तिसऱ्यात ६० टक्क्यांना. पुढच्या घसादुखीला पुन्हा डॉक्टरांकडे येण्याचा विचारही पहिल्याच गटात सर्वाधिक होता. रुग्णाचा आग्रह म्हणून डॉक्टर लिहून देतात असे नेहमी म्हटले जाते, पण तो आग्रह काही अंशी आधीच्या चिठ्ठ्यांनीच घडवलेला असतो. शिवाय डॉक्टर ज्याला आग्रह समजतात तो पुष्कळदा आग्रह नसतोच. छातीत काही नाही ना, एवढेच रुग्णाला ऐकायचे असते.

पुढे २०१४ मध्ये याच संशोधकांनी चिठ्ठीवर पुढची तारीख घालणे, ती दवाखान्यातून नंतर नेणे, रुग्णाच्या हाती सोपवणे, पुन्हा संपर्क साधायला सांगणे असे प्रकार ताडून पाहिले. कोणत्याही प्रकारात औषध घेणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आतच राहिले. चिठ्ठी दिल्याने ‘औषध लागू शकते’ असाच संदेश जातो, हा या पद्धतीवरील आक्षेप रास्त आहे. न्यूमोनियाची शंका असलेल्या किंवा गंभीर दिसणाऱ्या रुग्णासाठी ती नाही.

चिठ्ठीशिवाय औषध मिळत नाही, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. भारतातही कायद्याने प्रतिजैविकांना चिठ्ठी लागते आणि त्यांतील काहींच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवण्याचे बंधन २०१४ पासून औषधविषयक नियमांतील अनुसूची एच-१ अन्वये आहे. तरीही ती अनेक ठिकाणी चिठ्ठीविना मिळतात आणि महाराष्ट्रातील पुष्कळ दवाखान्यांत तर डॉक्टर स्वतःच गोळ्यांच्या पुड्या बांधून देतात.