श्वासाच्या स्नायूंची तालीम : हृदय आणि झोप, दोन वाटांनी आलेला उपचार

मुंबईत बायपास झालेल्यांच्या घरी कपाटावर तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र हमखास दिसतं. ‘फुंकू नका, ओढा’ असं फिजिओथेरपिस्ट कितीदा तरी बजावतात, आणि माणसं घरी येऊन फुंकतातच. हार्ट फेल्युअर (हृदय थकून पुरेसं रक्त ढकलू न शकणं) आणि स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबणं) यांच्या संदर्भात हल्ली ज्या व्यायामाचं नाव निघतं, तो मात्र याहून निराळा. गोळ्यांच्या यंत्रात श्वास खोल जातो, पण स्नायूंवर ठरावीक भार पडत नाही. या व्यायामाच्या यंत्रात स्प्रिंगची झडप असते. ठरवून दिलेला जोर लावल्याशिवाय ती उघडत नाही, हवा आत येत नाही.

दंडाच्या स्नायूंसारखे श्वासाचे स्नायूही कमावता येतात, हे लीथ आणि ब्रॅडली या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवलं, तेही धडधाकट माणसांवर. हृदयरोग्यांकडे ही कल्पना वळायला वेळ लागला, कारण दादरचा पूल चढताना लागणारी धाप म्हणजे फुफ्फुसात साचलेलं पाणी, एवढंच गृहीत धरलं जाई. प्रत्यक्षात अनेक रुग्णांचं श्वासपटलच (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) दुबळं झालेलं असतं. ते थकलं की मज्जासंस्था पायांच्या रक्तवाहिन्या आवळते, रक्त श्वासाच्या स्नायूंकडे वळतं आणि पाय आधी हार मानतात. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ डोना मॅन्सिनी यांच्या गटाने १९९५ मध्ये अशा रुग्णांना तालीम देऊन पाहिली. पुढे २००६ मध्ये ब्राझीलमधल्या प्रयोगात रोज अर्धा तास, कमाल जोराच्या ३० टक्के भाराने, १२ आठवडे व्यायाम झाला. रुग्णांची चालण्याची क्षमता आणि जगण्याची प्रतही सुधारली. त्यात मुळात श्वासाचे स्नायू कमजोर असलेलेच रुग्ण निवडले होते, ही अट सांगताना बहुतेक जण गाळतात.

झोपेची वाट वेगळी. वाढत जाणारा, मग विरत थांबणारा श्वास डब्लिनच्या चेन यांनी १८१८ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८५४ मध्ये नोंदवला होता. हृदय थकलेल्यांत तो आजही दिसतो; तिथे श्वासाचा इशारा मेंदूकडूनच थांबतो. घसा बंद होऊन श्वास अडतो तो प्रकार निराळा. त्यावर १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅप आणलं, म्हणजे मास्कमधून हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, असाच समज होता. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मध्यमवयीन शहरी पुरुषांची पाहणी छापली. झोपेत श्वास बिघडणारे १९.५ टक्के निघाले, आणि दिवसा पेंगही येणारे ७.५ टक्के.

२०१५ मध्ये एक धक्का बसला. पंपिंग कमी झालेल्या हृदयाच्या आणि मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबणाऱ्या रुग्णांना स्वतःहून दाब बदलणारं मास्कचं यंत्र दिलं, तर मृत्यू वाढले. मास्कखेरीज आणखी काही हवं, ही निकड त्यामुळे अधिक जाणवू लागली.

२०१६ मध्ये ॲरिझोनात घसा बंद होणाऱ्या ॲप्नियाच्या रुग्णांनी रोज ३० जोरकस श्वास, सहा आठवडे घेतले. वरचा रक्तदाब सरासरी सुमारे १२ अंकांनी उतरला, झोपही सुधारली. श्वास अडण्याची संख्या मात्र तेवढीच राहिली. म्हणून सीपॅप लावणाऱ्याने झडपेचं यंत्र आणलं म्हणून मास्क कपाटात टाकू नये.

‘हे तर आपलं प्राणायामच’ असं कुणी म्हणेलच. कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत आणलं, हे खरं. पण अनुलोम-विलोमात तोलून-मापून वाढवत नेलेला भार नसतो. इथे आधी तोंडाशी ओढीचा दाब मोजतात, त्यावरून झडप किती घट्ट ठेवायची ते ठरतं, आणि जोर वाढला की ती पुन्हा आवळतात.