डार्करूमचं घराणं

फिल्मवर फोटो काढणाऱ्या मुंबईतल्या कुणाही तरुणाला विचारा, तुझी प्रेरणा कोण? एखादा फ्रेंच, एखादा अमेरिकन, फार तर आपला रघुबीर सिंग हा छायाचित्रकार. गप्पा रंगल्या की हळूच कळतं, पहिला कॅमेरा आजोबांचा होता. अगफाचा क्लिक थ्री, माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला. रोल कसा भरायचा ते काकाने दाखवलं. पण हे आजोबा आणि काका प्रेरणेच्या यादीत नसतात. या शहरातल्या छायाचित्रणाचा मागोवा घेतला, तर ती यादी खालून वर वाचायला हवी असं माझं मत आहे.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालची. फोटोग्राफीचा शोध जगजाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. भाऊ दाजी लाड हे नाव आपल्याला भायखळ्याच्या म्युझियममुळे ठाऊक असतं. त्यांचे बंधू नारायण दाजी, तेही डॉक्टर, सोसायटीतल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्याच सुमारास एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसायच थाटला.

खरी गोष्ट मात्र दादरच्या एका घरातली आहे. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात, गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओही चालवला. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर घरात काय चाललं होतं, ते तिथे एका ओळीत उरकलं जातं. कच्ची फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात, यंत्रावर, हाताच्या अंदाजाने पाडायची. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवायला त्या शिकल्या, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायला उभ्या राहिल्या, वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. भांडवलासाठी दागिनेही त्यांचेच गेले. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिताश्व झाला तो मुलगा भालचंद्र, आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. भारतातली पहिली फिल्म लॅब कुठली असं कुणी विचारलं, तर मी सरस्वतीबाईंच्या घराचा पत्ता सांगेन. श्रेयनामावलीत त्या कुठे होत्या, हा प्रश्न वेगळा.

तसाच प्रश्न पंचवीसेक वर्षांनी पुन्हा येतो. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे. च्या विद्यार्थिनी, वडील फिरत्या पारशी नाटक कंपनीत नट. कॅमेरा हाती दिला तो माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. जे. जे. मधल्या मैत्रिणी, सहली, मुंबईचे रस्ते हे त्यांचे पहिले विषय. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वृत्तपत्राने फोटो छापले, एका फोटोला एक रुपया. पण सुरुवातीचे बरेच फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने. बाईच्या नावाला बाजार नव्हता, हे त्याचं सरळ कारण. इथे घराने शिकवलंही आणि झाकलंही. 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि मग नाव झालं. माणेकशा गेल्यानंतर 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला, तो कायमचा.

स्टुडिओंची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती सगळीकडे जवळपास सारखीच आहे. बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ 1928 चा, सर व्हिक्टर ससून यांनी काढलेला. पुढे तो रणजित माधवजींकडे आला आणि त्यांच्यानंतर लेकीने सांभाळला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी दादरला इंडिया फोटो स्टुडिओ थाटला. नट-नट्यांच्या चेहऱ्यावर सावली कुठे पडावी हे त्या काळी तिथे ठरायचं. दामोदर कामत यांचं कामत फोटो फ्लॅश 1945 चं. त्यांचं काम सिनेमाच्या सेटवर. शॉट ओके झाला की दिवे विझायच्या आत स्थिरचित्रवाला पुढे सरकायचा, नटांना क्षणभर थांबवायचा आणि पोस्टर, पुस्तिका, थिएटरच्या काचेतली चित्रं यासाठी निगेटिव्ह घ्यायचा. तिथेही वारसा मुलाकडे आणि मग नातीकडे गेला.

माझ्या मते पुढच्या पिढीला मिळते ती ‘नजर’ नव्हे, हात मिळतो. कृष्णधवल फिल्म धुवायची तर रसायन वीस अंशांच्या आसपास लागतं, आणि मे महिन्यात मुंबईच्या नळाला येणारं पाणी तीसच्या घरात असतं. म्हणजे पातेल्यात बर्फ, बर्फात बाटली, बाटलीत थर्मामीटर. डार्करूम म्हणजे बाथरूम, दाराच्या फटीला काळा कपडा. लाल दिवा चालतो तो कागदाला, फिल्मला मिट्ट काळोखच हवा, त्यामुळे ती रिळावर चढवायची ती बोटांनी चाचपडत. धुतलेली पट्टी कपड्यांच्या दोरीवर, खालच्या टोकाला चिमटा, आणि घरात कुणी झाडू मारायचा नाही अशी ताकीद. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. हे ऑनलाइन वाचून जमतं, नाही असं नाही. पण शेजारी उभं राहून पाहिलेलं असलं की रोल कमी वाया जातात.

रसायनाचा धागा सिनेकलावंतांची व्यक्तिचित्रं टिपणाऱ्या गौतम राजाध्यक्षांपाशीही सापडतो. ते झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकले, मग जाहिरात कंपनीत छायाचित्रांचं काम पाहू लागले. शोभा डे त्यांच्या चुलत घरातल्या. मराठी वाचकाने राजाध्यक्षांना ‘चंदेरी’ या सिनेनियतकालिकातून ओळखलं. मऊ, गुळगुळीत उजेडातले त्यांचे चेहरे काहींना फार गोड वाटतात, मलाही कधीकधी. पण चेहरा खुलेपर्यंत गप्पा मारत राहण्याची त्यांची हातोटी मुंबईच्या दिवाणखान्यातलीच होती.

आता उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल इतिहासजमा झाला आहे, प्रत्येक रोल बाहेरून येतो आणि किंमत ऐकून शटरवरचं बोट आपोआप जड होतं. बोरा बाजारात जुने यशिका आणि पेंटॅक्स दुरुस्त करणारे हात अजून आहेत, त्यातलेही काही वडिलांच्या गादीवर बसलेले. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक बदललंय. आजोबांचा कॅमेरा घेऊन येणाऱ्यांत आता नाती बऱ्याच आहेत, आणि सोबत निगेटिव्हचा डबाही असतो. त्यातले कुठले फोटो आजोबांनी काढले आणि कुठले आजीने, हे घरात कुणाला तरी आठवत असेपर्यंत विचारून घ्यायला हवं.